पिसवा, गोचीड, हृदयकृमी: औषधाच्या कागदावरच्या ओळी कुठून आल्या

कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांच्या गोळीसोबत किंवा मानेवर सोडायच्या थेंबांसोबत बारीक अक्षरांतला एक कागद येतो. ‘आधी रक्त तपासा’, ‘वजन करूनच मात्रा ठरवा’, ‘फिट येणाऱ्या कुत्र्याला जपून द्या’, ‘मांजराला लावू नका’. कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला हे सगळे छापतात असे बरेच जण समजतात. पण यांतल्या बऱ्याचशा ओळी औषध बाजारात आल्यानंतर, काही कुत्री आजारी पडल्यावर किंवा दगावल्यावर वाढवल्या गेल्या.

जुना काळ चटकन आटोपता येतो. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची भुकटी, तंबाखूचे पाणी, गंधक आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी. मग ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतल्या पावडरी, अंगावर ओतायची द्रावणे आणि गळ्यातले पट्टे आले. पिसवेच्या मज्जासंस्थेतले जे एन्झाइम ही रसायने बंद पाडतात तेच कुत्र्याच्या शरीरातही असते. गळ्यात पट्टा, अंगावर द्रावण आणि घरात त्याच गटातली फवारणी असे तिन्ही जमून आले की लाळ, उलट्या, थरथर सुरू व्हायची. दोन उत्पादने एकत्र वापरू नका, ही सूचना तिथली. पुढे आलेले परमेथ्रिन कुत्र्याला सोसते, मांजराला मात्र जिवावर बेतते, कारण मांजराच्या यकृताची ते निकामी करण्याची ताकद फारच तोकडी आहे. नुकतेच थेंब सोडलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजरालाही त्याची बाधा होऊ शकते.

हृदयकृमीची गोष्ट निराळी. पिसवा दिसतात, गोचीड बोटाला लागते; डासाने सोडलेली ही अळी मात्र सहा-सात महिने कसलाही मागमूस लागू देत नाही आणि नंतर फुप्फुसाच्या धमन्यांत वीतभराहून लांब कृमी सापडतात. मोठे झालेले कृमी मारायला अनेक दशके आर्सेनिकयुक्त औषधच हाताशी होते, आणि आज वापरले जाणारे इंजेक्शनही त्याच कुळातले आहे. मेलेल्या कृमीचे तुकडे धमनीत अडकू नयेत म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे पळू-खेळू द्यायचे नाही, हा त्या उपचाराचा सर्वांत अवघड भाग. त्यामुळे आजार होऊच न देण्याकडे ओढा वाढला.

पहिले चालणारे प्रतिबंधक होते डायएथिलकार्बामाझिन, माणसांच्या हत्तीरोगावरचे औषध. ते रोज द्यावे लागे. दोन-तीन दिवसांचा खंडही महाग पडे. खरी अडचण वेगळीच होती. ज्या कुत्र्याच्या रक्तात कृमींची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, आधीच फिरत असत त्याला ही गोळी दिली की थोड्याच वेळात रक्तदाब कोसळून ते कुत्रे मरूही शकत असे. रक्त तपासल्याशिवाय गोळी नाही, हा नियम तिथे पक्का झाला. औषध बदलले तरी नियम टिकला, आणि त्याला आता आणखी एक कारण आहे: महिन्याची गोळी मोठ्या कृमींना त्यांच्या जागेवरून हलवत नाही, मालकाला मात्र कुत्रे सुरक्षित असल्याची खात्री वाटत राहते.

‘महिन्याची गोळी’ म्हणजे महिनाभर अंगात राहून डासाशी लढणारी गोळी, असा समज सर्रास आढळतो. आयव्हरमेक्टिनची गोळी तसे काही करत नाही. मागच्या महिन्याभरात शिरलेल्या अळ्या ती एकदम मारते आणि बरीचशी शरीराबाहेर जाते. शिरल्यानंतर सुमारे दोन महिन्यांत अळी अशा अवस्थेला पोहोचते की तिच्यावर या मात्रेचा भरवसा धरता येत नाही. म्हणून गोळी आठवडाभर उशिरा दिली तर फारसे बिघडत नाही, पण दोन महिने विसरली तर त्या काळातल्या अळ्या निसटतात. नेहमीची रक्तचाचणी प्रौढ मादीचा अंश शोधत असल्याने ती निसटलेली अळी सहा महिन्यांनंतरच सापडते. गोळी चुकली म्हणून दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तर त्याने या चुकीबद्दल काहीच कळत नाही. पुढच्या महिन्यात दुप्पट मात्रा दिल्यानेही गेलेला महिना भरून निघत नाही.

आयव्हरमेक्टिन जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यातल्या जिवाणूपासून निघाले. १९८१ मध्ये ते गुरांसाठी बाजारात आले आणि १९८७ मध्ये कुत्र्यांच्या हृदयकृमीवरची मासिक गोळी म्हणून. मधल्या काळात एक गोष्ट उघडी पडली होती. गुरांचे औषध अंदाजाने कुत्र्यांना देणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कोली जातीची कुत्री होती, त्यांची कुत्री लडखडू लागली, आंधळ्यासारखी वागू लागली, काही बेशुद्धीत गेली. ‘पांढरे पाय दिसले की औषध नको’ अशी एक गाठच व्यवसायात बांधली गेली. कारण सापडायला २००१ साल उजाडले: एमडीआर१ या जनुकातले चार घटक गळलेले असतात, त्यामुळे मेंदूत शिरू पाहणारे औषध बाहेर फेकणारा पंप तयारच होत नाही.

मासिक गोळीतली मात्रा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम आहे. ती सदोष जनुकाच्या कोलीलाही सोसते. त्रास सुरू होतो तो साधारण १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे. आता गुरांचे एक टक्क्याचे इंजेक्शन घ्या. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे सिरिंजच्या टोकाशी लोंबणाऱ्या एका थेंबात सुमारे ५०० मायक्रोग्रॅम. पाच किलोच्या कुत्र्याला लागतात ३०. त्याचे जनुक सदोष असेल तर तो एक थेंब त्याला थेट धोक्याच्या रेषेवर नेतो, आणि घरी मोजणारा माणूस एक थेंब म्हणजे अगदीच कमी या समजुतीत असतो. स्वस्तात काम होते म्हणून ही पद्धत आजही चालू आहे, मला ती समर्थनीय वाटत नाही. खरजेसाठी मोठ्या मात्रेत आयव्हरमेक्टिन चालू असलेल्या कुत्र्याला पिसवांची स्पिनोसॅड गोळी दिली तर तोच पंप अडतो आणि जनुक धड असलेले कुत्रेही कोलीसारखे वागू लागते. दोन पशुवैद्यांकडून दोन औषधे घेताना दोघांनाही दुसऱ्याचे औषध दाखवावे, ते यासाठी.

यापुढचा प्रसंग या सगळ्या इतिहासात सर्वांत वादाचा आहे. हृदयकृमीची गोळी विसरली जाते हे मान्य करून सहा महिने पुरणारे, आयव्हरमेक्टिनच्याच कुळातल्या मॉक्सिडेक्टिनचे इंजेक्शन तयार झाले. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये परवानगी मिळाली. औषध सूक्ष्म मण्यांत भरलेले, कातडीखाली टोचायचे आणि हळूहळू झिरपू द्यायचे. कल्पना चांगली होती. तीन वर्षांत नियामकाकडे पाच हजारांहून जास्त दुष्परिणामांच्या नोंदी जमल्या: चेहरा सुजणे, उलट्या, अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका, फिट, यकृताचे आणि रक्ताचे विकार, मृत्यू. सप्टेंबर २००४ मध्ये नियामकाच्या सांगण्यावरून कंपनीने ते तिथल्या बाजारातून मागे घेतले. इतर काही देशांत विक्री चालूच राहिली, आणि वादाला तिथेच तोंड फुटले.

एका बाजूचे म्हणणे असे की लाखो मात्रा विकल्या गेल्या, त्यात पाच हजार नोंदी म्हणजे हजारी प्रमाणही धड भरत नाही; शिवाय नोंद म्हणजे पुरावा नव्हे, कुत्री इतर कारणांनीही मरतात, आणि बऱ्याच कुत्र्यांना त्याच भेटीत लसही टोचलेली असते. दुसरी बाजू म्हणत होती की नोंद करणे ऐच्छिक असल्याने झालेल्या घटनांचा छोटा हिस्साच कागदावर येतो, आणि ज्या आजाराला महिन्याची गोळी पुरते त्यासाठी निरोगी कुत्र्याने एवढी जोखीम का घ्यावी. २००५ च्या सुरुवातीला तज्ज्ञांच्या सल्लागार समितीपुढे विषय गेला. तिथेही मते जवळजवळ अर्धी-अर्धी विभागली, पण पारडे औषध बाहेर ठेवण्याकडे झुकले.

आकड्यांच्या या भांडणात एक साधा मुद्दा मागे पडतो. थेंब धुता येतात, पट्टा काढता येतो, गोळी पुढच्या महिन्यात थांबवता येते. टोचलेले इंजेक्शन सहा महिने परत घेता येत नाही. दोन औषधांचे दुष्परिणाम सारख्याच प्रमाणात होत असले, तरी न थांबवता येणाऱ्या औषधाला जास्त कठोर कसोटी लावणे रास्त आहे, आणि २००४ चा निर्णय त्या अर्थाने बरोबर होता असे माझे मत आहे.

उत्पादनात राहून जाणारे द्रावकांचे अंश अ‍ॅलर्जीला कारणीभूत असावेत असा संशय होता. ते कमी केल्यावर २००८ मध्ये इंजेक्शन परतले, पण अटींसह: पशुवैद्याने आधी प्रशिक्षण घ्यायचे, मालकाला जोखीम समजावून लेखी संमती घ्यायची, आजारी किंवा अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या कुत्र्याला टाळायचे. पुढच्या वर्षांत अटी सैल होत गेल्या आणि २०१९ मध्ये बारा महिने पुरणारी आवृत्तीही मंजूर झाली. संमतीपत्र कागदोपत्री सोपस्कार होता असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण त्या कागदामुळे मालकाला दोन प्रश्न विचारायची संधी मिळत होती.

दरम्यान नव्वदच्या दशकात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांनी पिसवांचे काम सोपे करून टाकले होते. खांद्यांमध्ये थेंब सोडायचे, झाले. या सोपेपणाचा हिशेब २००९-१० मध्ये मांडला गेला. एका वर्षात, २००८ मध्ये, थेंबांविषयी ४४ हजारांहून जास्त घटना अमेरिकेत नोंदल्या गेल्या होत्या. बहुतेक किरकोळ होत्या: खाज, लाली, केस गळणे. तपासणीत लहान चणीच्या कुत्र्यांचे प्रमाण जास्त निघाले. वजनाचे गट इतके रुंद होते की गटाच्या तळाशी असलेल्या कुत्र्याला किलोमागे वरच्यापेक्षा कितीतरी जास्त औषध मिळत होते. वेष्टनावर आज दिसणाऱ्या अरुंद वजनगटांमागे हे कारण आहे. मोठ्या कुत्र्याची नळी घेऊन दोन लहान कुत्र्यांत वाटण्याचा उद्योग केला की ही सगळी सुधारणा पुसली जाते. चघळायच्या गोळीचेही तेच: औषध दोन्ही अर्ध्यांत सारखे असेल याची हमी नसते.

२०१३-१४ पासून आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या आल्या आणि बाजाराचे चित्रच पालटले. एक गोळी, महिनाभर, काही उत्पादनांत जवळजवळ तीन महिने. पिसवा आणि गोचीड दोन्ही. किडीच्या मज्जापेशींतले क्लोराइडचे मार्ग ती बंद करते. सस्तन प्राण्यांचे मार्ग तिला तेवढे दाद देत नाहीत. ‘तेवढे’ या शब्दावर पुढे बरेच अवलंबून राहिले. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकी नियामकाने संपूर्ण गटाविषयी इशारा दिला: काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणे आणि फिट दिसतात, पूर्वी कधी फिट न आलेल्यांतही. औषधे मागे घेतली गेली नाहीत, पत्रिकेत मजकूर वाढला. युरोपातल्या पत्रिकांत हा परिणाम ‘अत्यंत दुर्मिळ’ या वर्गात मोडतो, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी. छेद कुठून आला हे विचारले की उत्तर विकलेल्या मात्रांकडे जाते आणि अंश पुन्हा त्याच ऐच्छिक नोंदींकडे. २००४ ची भांडणे या वर्गवारीने मिटलेली नाहीत.

व्यवहारात इशाऱ्याचा अर्थ एवढाच: फिटचा इतिहास असलेल्या कुत्र्यासाठी दुसऱ्या गटातले औषध आधी विचारात घ्यावे, आणि नव्याने सुरू करताना तीन महिन्यांच्या गोळीऐवजी एका महिन्याची निवडावी. सगळी औषधेच सोडून देणे हा त्यावरचा इलाज नव्हे. गोचीडतापाने रक्तातल्या प्लेटलेट कोसळलेले कुत्रे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावावे लागत नाही.

अमेरिकेत या उत्पादनांची देखरेख दोन घरांत विभागलेली आहे. पोटात जाणारी औषधे औषध-नियामकाकडे जातात आणि कातडीवरच काम करणारी बरीचशी कीटकनाशक-नियामकाकडे, त्यामुळे नोंदी ठेवण्याच्या रीतीही दोन. आठ महिने चालणाऱ्या एका पट्ट्याविषयी हजारो तक्रारी दुसऱ्या घरात साठत गेल्या आणि २०२१ मध्ये वर्तमानपत्रांतून त्या बाहेर आल्या. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास नद्यांच्या पाण्यात फिप्रोनिल जवळजवळ प्रत्येक नमुन्यात सापडत होते, आणि थेंब सोडून लगेच आंघोळ घातलेल्या, पोहायला नेलेल्या कुत्र्यांकडे संशय वळला. पट्ट्याबाबतचा निर्णय २०२३ मध्ये झाला: विक्री चालू, वेष्टनावर जास्त ठळक इशारे, कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या पट्ट्यांची नोंदणी वेगवेगळी, आणि परवानगी पाचच वर्षांची.