प्राचार्यपदावरून घटना समितीत : फादर जेरोम डिसोझा

कोल्हापूरच्या दसरा चौकात उभे राहिले की राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याच्या आसपास दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशा जुन्या वास्तू आजही नजरेस पडतात. 1901 पासून महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला आणि ती चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजातील माणसांवर सोपवली. त्यामुळे संविधानाच्या कलम 30 मागचा विचार कोल्हापूरकरांना परका वाटू नये. धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्या समाजांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क हे कलम देते. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांची चर्चा होते, तिचे मूळ येथे आहे. ज्या घटना समितीने हे संविधान घडवले, तिच्यात आपल्या भागातले रत्नाप्पा कुंभार होते, तसेच मद्रासमधून निवडून आलेले, येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचे धर्मगुरू फादर जेरोम डिसोझाही होते.

डिसोझा यांचा जन्म 1897 साली मंगळुरात झाला. 1921 मध्ये ते येशूसंघात दाखल झाले आणि 1931 मध्ये त्यांना गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपद मिळाले. ही दहा वर्षे लांब वाटतात, पण या संघात तेवढा काळ लागतोच, कारण साधना, तत्त्वज्ञान, अध्यापनाचा प्रत्यक्ष अनुभव आणि मग ईशज्ञान (धर्मशास्त्राचा अभ्यास) असे टप्पे एकामागून एक पार करावे लागतात. शिक्षण हे या संघाचे जुने काम असून त्याची शिक्षणपद्धती 1599 मध्येच लेखी नियमांत बांधली गेली होती.

पुढे त्यांनी आधी तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ्स कॉलेजचे आणि मग मद्रासच्या लोयोला कॉलेजचे नेतृत्व केले. सेंट जोसेफ्सची सुरुवात 1844 मध्ये नागपट्टिणमला झाली होती आणि लोयोला 1925 चे. अशा पदांचे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे. रेक्टर हा तेथे राहणाऱ्या धर्मबंधूंचा प्रमुख असतो, तर प्राचार्य वर्ग, परीक्षा आणि विद्यापीठाशी होणारा व्यवहार पाहतो. येशूसंघीयाला मिळणारे वेतन त्याच्या खिशात न जाता संघाकडे जाते आणि वरिष्ठांचा आदेश आला की खुर्ची सोडून दुसऱ्या गावी जावे लागते. त्याच वेळी महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असल्याने सरकारी नियमही पाळावे लागतात, आणि वर्गात बहुसंख्येने बिगरख्रिस्ती विद्यार्थी बसलेले असतात. संस्था स्थापन करणे आणि ती रोजच्या रोज चालवणे यांतले अंतर हा माणूस अनुभवाने जाणत होता. म्हणूनच शैक्षणिक हक्कांची चर्चा करणाऱ्या सभागृहात त्याचे असणे मला मोलाचे वाटते.

तो काळ ख्रिस्ती समाजासाठी कसोटीचा होता. फाळणीनंतर धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळांत राखीव जागा ठेवायच्या की नाहीत, हा प्रश्न 1949 मध्ये निकालात निघाला आणि त्या जागा रद्द झाल्या. राजकीय राखीव जागा गेल्या, धर्मस्वातंत्र्य आणि शिक्षणसंस्थांचे हक्क मात्र मूलभूत हक्कांत टिकले. ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांच्या दृष्टीने ही तडजोड अतिशय महत्त्वाची होती.

त्यानंतर डिसोझा यांचे काम महाविद्यालयाच्या आवाराबाहेर गेले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी भारताच्या शिष्टमंडळातून अनेकदा भाग घेतला. 1951 मध्ये त्यांनी पुण्यात सामाजिक अभ्यासाची एक संस्था सुरू केली, जी पुढे दिल्लीला हलली आणि इंडियन सोशल इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. 1957 पासून सुमारे दशकभर त्यांनी रोममध्ये संघाच्या सर्वोच्च प्रमुखांचे साहाय्यक म्हणून काम पाहिले. 1977 मध्ये त्यांचे निधन झाले.