तरोट्यापासून ट्यूबपर्यंत : गजकर्णावरच्या घरगुती इलाजांची पार्श्वभूमी

पावसाळा लागला की विदर्भात धुऱ्यावर, उकिरड्याशेजारी तरोटा माजतो. कोवळ्या पानांची भाजी होते. शेंगा वाळल्या की बिया काढून ठेवायच्या आणि अंगावर गजकर्ण उठले की आंबट ताकात वाटून लावायच्या, ही जुनी रीत. आयुर्वेदानेही दद्रूवर, म्हणजे गजकर्णावर, हाच तरोटा चक्रमर्द या नावाने सांगितला आहे. रीत अडाणीपणाची म्हणून मोडीत काढण्याचे कारण नाही. या बियांतले क्रायसोफॅनॉल बुरशीला रोखते, आणि गजकर्ण ही बुरशीच. फक्त गुण सावकाश येतो आणि वाटण कधी सौम्य, कधी जहाल होते.

एकोणिसाव्या शतकात याच जातकुळीचे औषध मुंबईत ‘गोवा पावडर’ म्हणून खपायचे. ती ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाची भुकटी, पोर्तुगिजांमार्फत आलेली. ती गुणकारी, पण कातडी भाजून काढणारी. विसाव्या शतकात दवाखान्यांत व्हिटफिल्डचे मलम आले : 6 टक्के बेंझोइक आणि 3 टक्के सॅलिसिलिक आम्ल. लावले की चरचरते, पण स्वस्त आणि कामाचे. आठवडी बाजारात ‘दाद, खाज, खुजली’ असा पुकारा करून विकल्या जाणाऱ्या कितीतरी डब्यांचा जोरही असल्याच आम्लावर किंवा गंधकावर असतो. गंधक खरे तर खरजेचे औषध. खरूज किडीने होते, रात्री जास्त खाजते, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावल्याशिवाय जात नाही.

चट्ट्याची इथे धास्ती आहे, तीही उगाच नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम उभारले. पुढे अमरावतीत तपोवन आणि वरोऱ्याला आनंदवन झाले. कुष्ठाचा चट्टा सहसा खाजत नाही, बधिर असतो. तसा दिसला तर लेप लावत बसू नये. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते.

खरा घोटाळा ट्यूबने केला. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. आत बुरशी मात्र पसरत राहते, कातडी पातळ होते, आणि मलम सोडले की दुप्पट खाज. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. गावात ती कितपत पाळली जाते, हे गाववाल्यांना सांगायला नको. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांकडून मिळालेली, टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधालाही न जुमानणारी बुरशी नोंदवली : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. म्हणून आता गजकर्णाचा इलाज महिना-दोन महिने चालतो. चट्टा मावळला तरी डॉक्टर सांगतील तोवर औषध लावायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा आणि रोवणीत भिजलेले कपडे अंगावर वाळवायचे नाहीत.