पीडब्ल्यूए आणि डब्ल्यूपीए : अक्षरं तीच, हिशेब वेगळा

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावच्या जुन्या पोस्टात भिंतभर रंगवलेलं चित्र दिसलं, की लोक बिनदिक्कत सांगतात, ‘हे डब्ल्यूपीएचं काम.’ बहुतेक वेळा ते चूक असतं. पोस्टांमधली ती चित्रं तिथल्या अर्थखात्याच्या एका वेगळ्याच विभागानं स्पर्धा लावून काढून घेतली होती. पण १९३०च्या दशकातला कुठलाही सरकारी पूल, शाळा, बाग दिसली की तोंडात डब्ल्यूपीएच येतं, आणि शेजारीच उभी असलेली पीडब्ल्यूए कुणाला आठवत नाही. डब्ल्यूपीए म्हणजे वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन, पीडब्ल्यूए म्हणजे पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन, दोन्ही महामंदीत सरकारी कामं काढणाऱ्या अमेरिकी यंत्रणा. तीनच अक्षरं, जागा तेवढ्या बदललेल्या. (आपल्या पीडब्ल्यूडीचं या दोघींशी काही नातं नाही, पण पुढे तिची आठवण काढावी लागणार आहे.)

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा काम करू शकणाऱ्या दर चौघांतला साधारण एक जण बेकार होता. सरकारनं कामं काढायची हे ठरलं. पण कामं काढायची ती पूल हवा म्हणून, की माणसाच्या हाताला काम हवं म्हणून? भाषणात दोन्ही एकदम साधता येतं. तिजोरीची किल्ली हातात आली की मात्र एक आधी, दुसरं नंतर असं करावंच लागतं. त्या दोन उत्तरांमधून या दोन यंत्रणा निघाल्या.

पीडब्ल्यूए आधी आली, जून १९३३ मध्ये, ३.३ अब्ज डॉलर घेऊन. तिचे प्रमुख हॅरल्ड इकीज हे इंटिरियर खात्याचे मंत्री. नावावरून गृहखातं वाटतं, पण ते सरकारी जमिनी आणि साधनसंपत्ती सांभाळणारं खातं. इकीज कमालीचे संशयी. सरकारी पैशातला एक डॉलरही कुणाच्या खिशात जाऊ नये म्हणून ते प्रत्येक प्रस्ताव इंजिनियर, वकील आणि हिशेबनीस यांच्या चाळणीतून काढत. नगरपालिकेनं किंवा राज्यानं प्रस्ताव द्यायचा. मंजूर झाला तर मजुरी आणि सामानाच्या खर्चाचे सुरुवातीला ३० टक्के, पुढे ४५ टक्के अनुदान मिळायचं, उरलेल्यासाठी हवं तर कर्ज. मग टेंडर निघायचं, ठेकेदार यायचा, आणि तो त्याला लागणारी कुशल माणसं घ्यायचा. जागेवरचा मजूर थोडा, पण मागे पोलादाचे कारखाने, सिमेंटच्या भट्ट्या, रेल्वेचे डबे हलू लागतील, असा हिशेब.

हिशेब बरोबर होता, वेग नव्हता. १९३३चा हिवाळा तोंडावर आला तरी पीडब्ल्यूएच्या फाइली टेबलांवरच. तेव्हा रूझवेल्टनी तिच्याच थैलीतले ४० कोटी डॉलर काढून हॅरी हॉपकिन्स यांच्या हाती दिले. हॉपकिन्स समाजकार्यातून आलेले. एखादी योजना पुढेमागे फळ देईल असं कुणी म्हटलं तर ‘माणसं पुढेमागे जेवत नाहीत, रोज जेवतात’ अशा अर्थाचं त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. नोव्हेंबरात सुरू झालेल्या त्यांच्या तात्पुरत्या योजनेवर जानेवारीपर्यंत ४० लाखांहून जास्त माणसं होती. वसंतात ती गुंडाळली, पण इतक्या वेगानं कामं काढता येतात हे सिद्ध झालं.

मे १९३५ मधली डब्ल्यूपीए ही तिचीच थोरली आवृत्ती. इथे मुख्यतः टेंडर नाही, ठेकेदार नाही. मदतीच्या यादीवर ज्यांची नावं, बहुतेक त्यांनाच काम, आणि पगार थेट सरकारकडून. भागानुसार आणि कौशल्यानुसार महिन्याला १९ ते ९४ डॉलर ठरवले होते. दोघींची हद्द सांभाळायला ठरलं, की २५ हजार डॉलरांच्या वरचं बांधकाम आधी पीडब्ल्यूएकडे, खालचं डब्ल्यूपीएकडे. ही रेघ काही सरळ राहिली नाही, आणि इकीज-हॉपकिन्स यांचं भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं.

मराठी वाचकाला हा फरक समजायला जड जाऊ नये. एका बाजूला बांधकाम खात्यानं टेंडर काढून उभारलेला पूल, दुसऱ्या बाजूला रोजगार हमीवर झालेला पाझर तलाव. पहिल्याचा कागद म्हणजे ठेकेदाराचं बिल, दुसऱ्याचा कागद म्हणजे मस्टर. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांना तो रस्ता कसा झाला यापेक्षा हप्ता कधी सुटला हे जास्त आठवतं. तुलना इथवरच. आपली दुष्काळी कामं ब्रिटिश काळापासूनची, त्यांचा वंश वेगळा. शिवाय महाराष्ट्रानं १९७७च्या कायद्यानं काम मागणं हा हक्क केला. डब्ल्यूपीएत तसा हक्क कधीच नव्हता. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, जेवढा पैसा दिला तेवढीच माणसं. घरटी एकच माणूस, तोही कुटुंबप्रमुख, असा नियम असल्यानं बहुतेक बायका बाहेरच राहिल्या. आत आल्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या वाट्याला शिवणकामाच्या खोल्या. केंटकीच्या डोंगरातल्या काही जणी मात्र घोड्यावर, खेचरावर पुस्तकांच्या पिशव्या टाकून वाड्यावस्त्यांवर जात, आणि मला विचाराल तर त्या सबंध दशकातलं हे सगळ्यात देखणं सरकारी काम.

आता मागे काय उरलं? पीडब्ल्यूएचं डोळ्यांना दिसतं. न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल, हडसन नदीखालचा लिंकन बोगदा, वायव्येकडचं ग्रँड कूली धरण. न्यूयॉर्क-वॉशिंग्टन रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण तिच्या कर्जातून पुरं झालं, आणि त्या मार्गावर आजही विजेच्या गाड्या धावतात. एकूण ३४ हजारांहून जास्त कामं. त्या वर्षांत देशात बांधलेल्या नव्या शाळांपैकी सुमारे ७० टक्के शाळा तिच्या पैशातून. ‘यॉर्कटाउन’ आणि ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू नौकाही याच निधीतून बांधल्या गेल्या आणि १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत लढल्या. हूवर धरण मात्र अर्धंच तिचं. ते काम १९३१ मध्ये, रूझवेल्ट यांच्या आधीचे अध्यक्ष हूवर यांच्याच कारकिर्दीत सुरू झालं होतं, पुढे पीडब्ल्यूएचा पैसा लागला.

डब्ल्यूपीएचं उरलेलं बरंचसं दिसतच नाही, कारण ते पायाखाली आहे. साडेसहा लाख मैलांच्या आसपास रस्ते, त्यात डागडुजी पुष्कळ. फरसबंदीवर ‘डब्ल्यूपीए’ आणि साल असा ठसा काही शहरांत अजून सापडतो. पीडब्ल्यूएच्या इमारतीवर याउलट धातूची पाटी असते, वर रूझवेल्ट यांचं नाव आणि खाली इकीज यांचं. दोघींतला फरक ओळखायची ती सोपी खूण. खेड्यांत डब्ल्यूपीएनं २० लाखांहून जास्त संडास बांधले, त्यांच्यावर पाटी लावायला कोण जाणार! लाग्वार्डिया विमानतळासारखं मोठं कामही तिचं आहे, पण तिच्या वहीतला खरा आकडा आहे ८५ लाख, म्हणजे आठ वर्षांत तिच्या मस्टरवर येऊन गेलेली माणसं.

त्या माणसांची टिंगल खूप झाली. फावड्यावर रेलून उभा राहिलेला डब्ल्यूपीएचा मजूर हा वर्तमानपत्रांतला ठरलेला विनोद. काम संथ व्हायचं यात खोटं काही नाही. एका यंत्रानं आठवड्यात जे झालं असतं ते शंभर माणसं महिनाभर करत, आणि मुद्दाम करत. यंत्र आणलं तर नव्वद माणसं घरी गेली असती. हाच आरोप उलटा करून पीडब्ल्यूएवर ठेवता येतो, की एवढा पैसा आणि जागेवर मजूर इतकेच? आजही कुणी ‘पुन्हा तशी कामं काढा’ म्हणतं तेव्हा एकीच्या धरणाचा फोटो आणि दुसरीचा ८५ लाखांचा आकडा एकाच पानावर छापलेला दिसतो. बेकारी पुरती संपली ती दोघींपैकी कुणामुळेच नाही, युद्धाच्या कारखान्यांमुळे. १९४३ मध्ये दोघी बंद झाल्या.

डब्ल्यूपीएच्या खर्चाचा अगदी लहान तुकडा कलावंत आणि लेखकांवर गेला. चित्रकार जॅक्सन पोलॉक, लेखक राल्फ एलिसन, लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी तिचा पगार घेतला. नाटकाची शाखा काँग्रेसनं १९३९ मध्ये चिडून बंद पाडली. लेखकांच्या शाखेनं मुख्यतः १९३६ ते १९३८ या काळात एक काम केलं. गुलामगिरीत जन्मलेली जी म्हातारी माणसं तोवर हयात होती, त्यांच्या दारात जाऊन त्यांचं बोलणं लिहून घेतलं. विचारणारे बहुतेक गोरे, काळ वंशभेदाचा. म्हणून अनेकांनी जपून, शब्द गिळत सांगितलं असणार, आणि इतिहासकार ते तसंच जपून वाचतात. तरी २,३०० हून जास्त जबान्या आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. सांगणाऱ्यांतले बरेच जण तेव्हाच ऐंशीच्या पुढचे होते.