बाय मंडे की टिल मंडे? सगळा घोळ आपल्या ‘पर्यंत’चा

मागे एका क्लायंटला मी मेल टाकला, द रिपोर्ट विल नॉट बी रेडी टिल मंडे. माझ्या डोक्यात होतं की सोमवारपर्यंत काही होत नाही, पुढचं पुढे बघू. सोमवारी सकाळी साडेनऊला फोन, रिपोर्ट कुठाय? म्हटलं अहो मी कळवलं होतं की, तर म्हणाले हो, सोमवारी मिळेल असंच कळवलं होतंत. आणि चूक माझीच होती. नॉट टिल मंडे म्हणजे तोवर नाही, सोमवार आला की मिळेल. मला म्हणायचं होतं नॉट बाय मंडे, म्हणजे सोमवार उजाडला तरी हातात काही नसणार.

गोची अशी आहे की मराठीत दोन्हीला आपण पर्यंतच म्हणतो. पाचपर्यंत थांब, पाचपर्यंत पोच. थांब म्हटलं की तेवढा सगळा वेळ थांबायचं आणि पोच म्हटलं की त्याआधी कधीही, हे आपल्याला क्रियापदावरून कळतं, पर्यंतला काही काम पडत नाही. इंग्रजीत मात्र तो फरक त्या चिमुकल्या शब्दानेच दाखवायचा असतो.

मी आता एक करतो, पर्यंतच्या जागी ‘वाजेस्तोवर’ किंवा ‘च्या आत’ घालून बघतो. पाच वाजेस्तोवर थांब, बसतंय, म्हणून टिल. पाचच्या आत पोच, बसतंय, म्हणून बाय. पाच वाजेस्तोवर पोच असं कोणी म्हणेल का? नाही ना, मग सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे हेही तसंच, शुक्रवार येईस्तोवर रोज फॉर्म भरत बसा असं काहीतरी होतं ते. तिथे बाय फ्रायडे पाहिजे, आणि त्यात शुक्रवारही धरतात. टिल फ्रायडेत शुक्रवार धरायचा की नाही यावर मात्र वाद होऊ शकतो, अमेरिकन लोक म्हणूनच मंडे थ्रू फ्रायडे म्हणतात, त्यात शुक्रवार आलाच.

गंमत म्हणजे बाय आपल्याला अजिबात नवीन नाही. बाय हार्ट, बाय पोस्ट, बाय मिस्टेक दिवसभर चालू असतं. हॉटेलात वन बाय टू सूप मागवलं तर अर्धं अर्धं येतं, म्हणजे भागाकार, आणि 10 बाय 10ची खोली म्हटली की 100 स्क्वेअर फूट, म्हणजे गुणाकार! तोच बाय, आणि आपण एकदाही अडखळत नाही. वेळेचा बाय तेवढा शाळेत कोणी नीट दाखवला नाही. आता ऑफिसात ‘बाय इव्हनिंग सांगतो’ सर्रास ऐकू येतं, आणि ते बरोबर आहे हां, नावं ठेवू नका.

टिल आणि अनटिल एकच, वेळेसाठी कुठलंही वापरा. टिल हा अनटिलचा शॉर्टफॉर्म नाही, उलट टिलच जुना आहे. दुकानातल्या गल्ल्यालाही टिल म्हणतात आणि जमीन कसण्यालाही, पण त्यात कोणी गोंधळत नाही.

राहिलं जागेचं. स्टेशनपर्यंत जाऊ म्हणून आपण टिल द स्टेशन म्हणतो, तिथे इंग्रज अ‍ॅज फार अ‍ॅज म्हणेल. रिक्षावाल्याला टिल स्टेशन बरोबर कळतं, तिथे मी अजूनही तेच म्हणतो.