घाबरवलं की लोक इंजेक्शन घेतात का?

कुठल्याही आजाराची बातमी आली की एक वाक्य ठरलेलं असतं, "आपल्याकडे जनजागृतीच नाही हो!" मला या वाक्याचा आता खरंच वैताग आलाय. शुगर अडीचशे असलेले काका लग्नाच्या पंगतीत "आजच्या दिवस चालतंय" म्हणत दुसरी जिलबी उचलतात, त्यांना काय डायबेटिस माहीत नसतो? रिपोर्ट तर आदल्याच आठवड्यात आलेला असतो.

माहिती असूनही माणूस असं का वागतो यावर मानसशास्त्रात सत्तरेक वर्षं काम चाललंय. सुरुवात अमेरिकेत झाली, टीबीपासून. 1950 च्या आसपास तिथे छातीचा एक्स-रे काढणाऱ्या गाड्या वस्त्यांमधून फिरायच्या, पैसे नाहीत, लांब जायचं नाही, तरी अपेक्षेइतके लोक येईनात. मग सरकारी आरोग्य खात्यातल्या गॉडफ्री हॉकबाम यांनी तीन शहरांतल्या बाराशेहून जास्त लोकांना गाठून प्रश्न विचारले. "मलाही टीबी होऊ शकतो" आणि "त्रास नसतानाही लवकर कळलं तर फायदा आहे" या दोन्ही गोष्टी पटलेल्यांपैकी 82 टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढलेला होता, आणि दोन्ही न पटलेल्यांपैकी फक्त 21 टक्के. यातूनच पुढे हेल्थ बिलीफ मॉडेल उभं राहिलं: मला धोका किती, आजार किती वाईट, उपायाचा फायदा काय, अडचणी काय, आणि शेवटी हलायला लावणारं काहीतरी निमित्त. (मला हे जमेल का, हा स्वतःवरच्या भरवशाचा मुद्दा त्यात 1988 मध्ये घातला गेला.)

यातलं शेवटचं, ते निमित्त, बरेच जण एका ओळीत उरकतात आणि माझा जीव नेमका त्यातच अडकलाय. 1965 मध्ये हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पुस्तिका वाचायला दिली. काहींना साधी, काहींना पेशंटचे रंगीत फोटो असलेली, अंगावर काटा आणणारी. भीतीदायक पुस्तिका वाचलेले जास्त घाबरले, इंजेक्शन घ्यायलाच हवं असंही जास्त म्हणाले. प्रत्यक्षात दोन्ही गटांत इंजेक्शन घेणारे जवळपास सारखेच, आणि नुसती पुस्तिका वाचलेल्यांत तर नगण्य, साधारण 3 टक्के. पण काहींना पुस्तिकेसोबत कॅम्पसचा नकाशा दिला होता, दवाखान्यावर खूण केलेला, आणि सांगितलं होतं की आपलं आठवड्याचं टाइमटेबल काढा नि कधी जाता येईल ते बघा. त्यांच्यातले सुमारे 28 टक्के गेले. आता गंमत बघा, ही पोरं शेवटच्या वर्षाची होती, दवाखाना कुठेय हे त्यांना आधीच माहीत होतं, म्हणजे नकाशाने नवीन माहिती शून्य दिली! आणि ज्यांना भीती अजिबात न दाखवता नुसता नकाशा दिला त्यांच्यातलं कोणीच गेलं नाही. थोडी काळजी लागते, पण ती वाढवत नेऊन काही हाती लागत नाही. प्रयोग लहान होता हे खरं, पण पुढे हाच धागा जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी पकडला. "व्यायाम करणार" असं मोघम न ठरवता "संध्याकाळी ऑफिसातून आलो, चप्पल काढायच्या आधी, की लगेच चालायला" असं ठरवलं की ती वेळ आणि जागाच आठवण करून देते, त्या क्षणी नव्याने विचार करावा लागत नाही, आणि विचार करायला लागलो की आपण काय ठरवतो ते सगळ्यांना माहितीय. इंग्लंडमध्ये 1997 च्या एका अभ्यासात स्तनांची स्वतः तपासणी करायचा पक्का इरादा असलेल्या बायकांपैकी ज्यांनी कुठे नि कधी हे लिहून ठेवलं त्या सगळ्यांनी ती केली, न लिहिणाऱ्यांपैकी 53 टक्क्यांनी.

थोडं आकड्यांचं. 2006 मध्ये वेब आणि शीरन यांनी 47 प्रयोग एकत्र करून पाहिलं तर इराद्यात 0.66 इतका बदल घडवला की वागण्यात 0.36 एवढाच उतरतो (हे आकडे प्रमाणित विचलनाच्या मापात आहेत, म्हणजे गटातल्या नेहमीच्या चढउताराच्या तुलनेत). मधला जवळजवळ अर्धा फरक वाटेतच गळतो, आणि जनजागृतीवाल्यांचा सगळा खर्च होतो इरादा वाढवण्यावर.

यावरच दुकान चालवणारेही आहेत, "21 दिवसांत सवय बदला" वाले. लंडनमध्ये 96 लोकांवर मोजलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवस आला, आणि माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत फरक. 21 ला काही जादू नाही, सव्वा रुपयाच्या दक्षिणेला असते तेवढीच.

आपल्याकडे पल्स पोलिओने हे बरोबर केलं. रविवार ठरलेला, बूथ गल्लीच्या तोंडाशी, करंगळीला शाईची खूण, आणि नाही आलात तर ताई दारात हजर. लोकांना विषाणूशास्त्र शिकवत बसले नाहीत. 2011 च्या जानेवारीत देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण सापडला.

तंबाखूच्या पाकिटावर 2016 पासून 85 टक्के जागेत भयानक फोटो आहेत, आणि 2018 पासून सोडण्यासाठी मदतीचा फोन नंबरही. लेव्हेंथलच्या हिशोबाने तो नंबर म्हणजे नकाशा, कल्पना उत्तम. फक्त 2020 मध्ये महाराष्ट्रात सुट्या सिगरेटवर बंदी आली तरी टपरीवर "एक दे रे" म्हटलं की एकच मिळते, त्यामुळे फोटो आणि नंबर दोन्ही टपरीवाल्याकडेच.