जड आयनांच्या टकरीतील पुंजविसंगती: सदृशीकरणाची गरज कशी निर्माण झाली

जड अणुकेंद्रके प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवली, की पुंजसिद्धांतातली (क्वांटम सिद्धांतातली) एक विसंगती दिसते का, हा विषय मुंबईत दोन ठिकाणी कानावर येतो: पवईच्या आयआयटीत, जिथला गट सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या अ‍ॅलिस प्रयोगात आहे, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे क्वार्क-ग्लुऑन द्रव्याची (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांचे घटक मोकळे होतात त्या द्रव्याची) गणिते वर्षानुवर्षे संगणकावर सोडवली गेली. मूळ प्रश्न मात्र जुना आहे. १९६९ साली स्टीफन अ‍ॅडलर यांनी, तसेच जॉन बेल आणि रोमन जॅकीव यांनी, उदासीन पायॉन या अल्पायुषी कणाचे दोन फोटॉनांत विघटन कसे होते याचा उलगडा केला: वस्तुमानरहित उजव्या आणि डाव्या कणांच्या (ज्यांची फिरकी गतीच्या दिशेने, आणि ज्यांची तिच्या उलट असते अशांच्या) संख्येतला फरक अभिजात, म्हणजे पुंजसिद्धांतापूर्वीच्या, समीकरणांत अक्षय्य राहतो, पुंजसिद्धांतात तसा राहत नाही. 'विसंगती' हा शब्द थोडा फसवाच, कारण इथे चूक कोणाचीच नसते.

२००८च्या सुमारास खारझीव्ह, मॅक्लेरन, वॉरिंगा आणि फुकुशिमा यांनी हे सूत्र जड अणुकेंद्रकांच्या टकरींना लावले. दोन अणुकेंद्रके एकमेकांना कडेने घासून गेली, की एकावर चौदा शून्ये इतक्या टेस्लाच्या घरातले चुंबकी क्षेत्र क्षणार्धापुरते उभे राहते. त्यात उजव्या-डाव्यांचा समतोल ढळलेला असेल, तर क्षेत्राच्या दिशेने विद्युतप्रवाह वाहून धन आणि ऋण कण विरुद्ध बाजूंना गेले पाहिजेत.

२००९ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या स्टार प्रयोगाला सोन्याच्या टकरींत असे विलगीकरण सूचित करणारा सहसंबंध दिसला. पण टकरीत तयार होणारा अल्पायुषी रो कण फुटून धन आणि ऋण पायॉनांची जोडी साधारण एकाच दिशेने निघते, आणि द्रव्याच्या लंबवर्तुळाकार प्रवाहात (कण एका प्रतलात जास्त निघतात त्या प्रवाहात) मिसळून हुबेहूब तसाच ठसा उमटवते. २०१६ साली सर्नच्याच सीएमएस प्रयोगाला प्रोटॉन-शिसे टकरींतही तितकाच सहसंबंध मिळाला. तिथे क्षेत्राच्या दिशेचा प्रवाहाच्या प्रतलाशी फारसा मेळच नसतो, म्हणजे तो सहसंबंध विसंगतीमुळे आलेला नसणार.

खरा संकेत आणि असा नकली ठसा वेगळे करायचे, तर सदृशीकरणाखेरीज, म्हणजे टकरीची संगणकावर नक्कल करण्याखेरीज, गत्यंतर राहिले नाही. सोन आणि सुरोव्का यांनी २००९ साली विसंगतीसह द्रवगतिकीची समीकरणे मांडली होती. पुढे त्यांवर एकेका टकरीचा स्वतंत्र हिशेब करणाऱ्या संगणकीय प्रणाली उभ्या राहिल्या. क्षेत्र किती काळ टिकते हा त्यांतला सर्वांत नाजूक आकडा, कारण उत्तर बरेचसे त्यावरच हेलकावते.

२०१८ साली ब्रुकहेवनने ४४ प्रोटॉनांचे रुथेनियम आणि ४० प्रोटॉनांचे झिर्कोनियम, दोन्ही प्रत्येकी ९६ न्यूक्लिऑनांची (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून), आपापल्या जातीच्याच केंद्रकांवर आदळवून पाहिली. प्रोटॉन जास्त, म्हणून क्षेत्रही जास्त, असा साधा तर्क होता. २०२१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत आधीच ठरवलेल्या निकषांना उतरणारा संकेत मिळाला नाही. शिवाय दोन केंद्रकांच्या आकारांतील फरकामुळे निघणाऱ्या कणांची संख्याही जुळली नाही, आणि पार्श्वभूमीचा, म्हणजे रो कणांसारख्या इतर कारणांनी उमटणाऱ्या ठशाचा, हिशेब नव्याने मांडावा लागला.