मुंबई सेंट्रल सेंट्रलवर नाही

बडोद्याची मावशी मुंबई बघायला आली. फोनवर म्हणाली, "सेंट्रलला उतरतेय रे." माझा धाकटा भाऊ डोंबिवलीकर, त्याच्या लेखी सेंट्रल म्हणजे सेंट्रल लाईन. तो सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, जाऊन इंडिकेटरखाली उभा. मावशी मुंबई सेंट्रलच्या फलाटावर, ट्रंकेवर बसलेली. तासभर दोघं एकमेकांना "अरे, मी सेंट्रललाच आहे" असं सांगत होते, आणि दोघांचंही खरं होतं.

सीएसएमटी तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी हे एकच ठिकाण. टॅक्सीवाल्याला आजही 'व्हीटी' म्हटलं की पुरतं.

घोळ पुढचा आहे. मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाहीच. ते पश्चिम रेल्वेवर आहे, चर्चगेट धरून पाचवं. आणि "नाव सेंट्रल, मग वेस्टर्नवर कसं?" असं विचारून रेल्वेला हसणाऱ्यांनी जरा सनावळी बघावी. स्टेशन सुरू झालं 1930 मध्ये. बांधलं बीबीसीआयने, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने. तिच्या गाड्या आधी थेट कुलाब्यापर्यंत जायच्या. कुलाब्याचं स्टेशन बंद झालं आणि लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबू लागल्या. तेव्हा व्हीटीवरची रेल्वे होती जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज. 'सेंट्रल रेल्वे' हे नाव आलं 1951 मध्ये. म्हणजे स्टेशन थोरलं, रेल्वे एकवीस वर्षांनी धाकटी. नाव उसनं घेतलं असेल तर ते रेल्वेने!

फिरायला आलेल्याला याचा फटका बसतो तो असा. बडोद्यावरून येणाऱ्या राजधानीने किंवा गांधीनगरच्या वंदे भारतने आलात की मुंबई सेंट्रलला उतरता. तिथून लोकलने महालक्ष्मीचा धोबीघाट एक स्टेशन वर, गिरगाव चौपाटीसाठी चर्नी रोड दोन स्टेशनं खाली, मरीन ड्राइव्हसाठी चर्चगेट. सगळं एका रुळावर. राणीबाग मात्र भायखळ्याला, म्हणजे मध्य रेल्वेवर. काळा घोडा, म्युझियम, गेटवे यांना सीएसएमटी बरं, चर्चगेटही चालतं.

सीएसएमटीहून मुंबई सेंट्रलला थेट लोकल नाही. दादरला जाऊन, पूल चढून, वेस्टर्नने परत खाली येणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. आणि दादरला तर 2023 च्या डिसेंबरपासून फलाटांचे नंबरही बदललेत: वेस्टर्नचे 1 ते 7, सेंट्रलचे 8 ते 14. "दादरला तीन नंबरवर ये" असं सांगणारे काका कोणत्या जमान्यातलं सांगताहेत ते आधी विचारून घ्या. सामान हलकं असेल तर सीएसएमटीहून चर्चगेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं आणि तिथून लोकल धरावी. मी तेच करतो. नाहीतर 2025 च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो-3 सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रल दोन्हीकडे जाते, मध्ये काळबादेवी, गिरगाव आणि ग्रँट रोड एवढीच स्टेशनं.

बघण्यासारखं स्टेशन कोणतं, यावर मात्र वाद घालू नका. मुंबई सेंट्रल कामाचं. सीएसएमटी बघायचं, तेही संध्याकाळी दिवे लागल्यावर, महापालिकेच्या इमारतीसमोरून. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सेल्फीच्या नादात निम्मे लोक ते न बघताच जातात.

परतीच्या तिकिटावर सीएसएमटी आहे की एमएमसीटी, हे अक्षर लावून वाचा. दोन्हींत जवळपास तीच अक्षरं उलटसुलट फिरतात. एमएमसीटी म्हणजे मुंबई सेंट्रल. मावशीला जाताना भावाने हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. टॅक्सीत बसताना ती म्हणाली, "सेंट्रल!" टॅक्सीवाल्याने विचारलं, "कौनसा?"